आकाशाचे गणित आणि मराठी भाषा : केरूनाना छत्रे ते जयंत नारळीकर

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• खगोलशास्त्र व अवकाशविज्ञान या क्षेत्रांतील महाराष्ट्राशी संबंधित प्रमुख अभ्यासकांच्या कार्याचा परिचय करून देता येईल.
• पंचांगसुधारणेच्या वादामागील खगोलीय कारण स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येईल.
• शास्त्रीय लेखनासाठी भाषा निवडताना लेखकाला काय मिळते व काय गमवावे लागते, याची चर्चा करता येईल.
• मराठीतील खगोलशास्त्रीय परिभाषेचे प्रकार उदाहरणांसह सांगता येतील.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठी गद्याच्या जडणघडणीचा अभ्यास करताना आपण निबंध, चरित्र, कादंबरी, वृत्तपत्रीय लेखन असे टप्पे पाहतो. शास्त्रीय गद्याकडे मात्र आपले सहसा दुर्लक्ष होते. 'तो विज्ञानाचा विषय आहे' असे म्हणून साहित्याचा अभ्यासक ते बाजूला ठेवतो आणि 'ते मराठीत आहे' म्हणून विज्ञानाचा अभ्यासक ते वाचत नाही. या दोघांच्या मध्ये पडून काही मोलाचे लेखन विस्मृतीत जाण्याच्या वाटेवर आहे.

आकाशाचा अभ्यास करणाऱ्या काही व्यक्तींचा परिचय आपण या घटकात करून घेणार आहोत. प्रत्येकाच्या बाबतीत दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला, त्याने आकाशाविषयी कोणते ज्ञान मिळवले? दुसरा, ते ज्ञान त्याने कोणासाठी आणि कोणत्या भाषेत मांडले? भाषेच्या विद्यार्थ्याला दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटेल. परंतु पहिल्याचे उत्तर नीट समजल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या.

४.२ पूर्वपीठिका : पंचांग का चुकू लागले?

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रहांची स्थाने काढताना ज्या आणि चाप यांचे किचकट गणित करावे लागे. गणेश दैवज्ञांनी ते टाळून सोप्या रीती दिल्या. त्यामुळे हा ग्रंथ दूरवर पसरला आणि पुढील काही शतके पंचांगे त्याच्या आधारे तयार होत राहिली. परंतु कोणतीही सोपी रीत ही काही मर्यादेपर्यंतच अचूक असते. वर्षमानातील अत्यल्प चूकही दरवर्षी साठत जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगात लिहिलेले ग्रहाचे स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान यांत उघड फरक पडू लागला होता.

याच्या जोडीला आणखी एक मूलभूत अडचण होती. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांड्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डोलतो. त्याची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. परिणामी वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाचा सूर्याचा ताऱ्यांमधील बिंदू, सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. या सरकण्याला अयनचलन म्हणतात. संपातापासून मोजणी केली की ती सायन होते. ताऱ्यांमधील स्थिर आरंभबिंदूपासून केली की निरयन होते. या दोन आरंभबिंदूंमधील अंतर म्हणजे अयनांश.

एक परिचित उदाहरण घेऊ. 'संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते' असे आपण लहानपणापासून ऐकतो. मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. हा सुमारे २४ दिवसांचा फरक अयनांशांमुळे पडला आहे. सूर्य दररोज जवळजवळ एक अंश सरकतो, म्हणून २४ दिवस म्हणजे सुमारे २४ अंश. या २४ ला ७२ ने गुणले की सुमारे १७०० वर्षे येतात. म्हणजे सतरा शतकांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण खरोखरच एका दिवशी होते. तेव्हाचे खरे विधान आपण आजही उच्चारतो. आकाश मात्र पुढे गेले आहे. भाषेतील विधान टिकून राहणे आणि त्यातील वस्तुस्थिती बदलणे, असे भाषेच्या इतर क्षेत्रांतही घडत असते.

४.३ केरो लक्ष्मण छत्रे : मराठीतील कोष्टके

केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. 'बालमित्र'कार सदाशिव काशिनाथ छत्रे हे त्यांचे चुलते. त्यांच्याच देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वीच शिक्षण पूर्ण झाल्यामुळे केरूनानांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. कोवळ्या वयात ते कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले आणि तेथे प्रत्यक्ष वेध घेण्याची शिस्त शिकले. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

१८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील नव्या वेधांवर आधारलेली ग्रहगती येथील गणकाला वापरता यावी, अशा रीतीने त्यांनी ती मराठीत आणली. कोष्टक हा साहित्यप्रकार नव्हे, असे आपल्याला वाटेल. तरीही पंचांगकर्त्याच्या हातात त्याच्या भाषेतले, पडताळून पाहता येण्याजोगे साधन देणे, ही एक मोठी भाषिक कृतीच होती. ज्याला इंग्रजी येत नव्हते त्यालाही आता आपले पंचांग आकाशाशी जुळते की नाही, हे तपासणे शक्य झाले.

आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून केरूनानांनी नवे पंचांग काढले. ते पुढे 'पटवर्धनी पंचांग' या नावाने ओळखले गेले. त्यात रेवती नक्षत्रातील एक विशिष्ट तारा आरंभबिंदू मानला होता. या पंचांगाला समाजात मोठ्या प्रमाणावर मान्यता मिळाली नाही. कारण उघड आहे. गणित बदलले की सणावारांच्या तिथी बदलतात आणि तिथी बदलणे म्हणजे घराघरांतील व्यवहार बदलणे. शास्त्रीय सत्य सिद्ध होणे आणि ते समाजाने स्वीकारणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, याचा हा पाठ आहे.

४.४ शंकर बाळकृष्ण दीक्षित : एका शिक्षकाचा ग्रंथ

या घटकातील मध्यवर्ती व्यक्ती शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) ही आहे. दापोली तालुक्यातील मुरूड हे त्यांचे गाव. औपचारिक शिक्षण प्रवेशपरीक्षेपर्यंतच झालेले. आयुष्य शाळांमध्ये आणि अध्यापकांच्या प्रशिक्षणशाळेत शिकवण्यात गेले. नोकरीच्या वेळेबाहेर त्यांनी संस्कृत ज्योतिषग्रंथांची हस्तलिखिते मिळवली, त्यांतील गणिते स्वतः करून पाहिली आणि 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन वर्षांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या ग्रंथात वैदिक काळापासून दीक्षितांच्या समकालीनांपर्यंतचा आढावा आहे. केरूनाना छत्रे यांच्यासारख्या त्यांच्या जवळच्या काळातील अभ्यासकांनाही त्यात स्थान आहे. ग्रंथाची पद्धत पाहण्यासाठी त्यांचे एक प्रसिद्ध अनुमान घेऊ. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा आशयाचे विधान आहे. कृत्तिका आज ठीक पूर्वेला उगवत नाहीत. महाराष्ट्रातून पाहिले तर त्या पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. मग त्या ठीक पूर्वेला केव्हा उगवत असतील? ज्या काळी त्या खगोलीय विषुववृत्तावर होत्या तेव्हा. अयनचलनाचे गणित मागे नेल्यास तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास येतो.

या युक्तिवादातील निर्णायक दुवा व्याकरणाचा आहे. विधानातील क्रियापद वर्तमानकाळी आहे. म्हणजे लेखक जुनी आठवण सांगत नसून स्वतः पाहिलेली स्थिती नोंदवीत आहे, असे दीक्षितांनी मानले. एका क्रियापदाच्या काळावरून ग्रंथाचा काळ ठरवण्याचा हा प्रयत्न आहे. त्यावर आक्षेपही घेतले गेले. जुन्या ग्रंथातील दिशादर्शक विधान इतके काटेकोर मानावे का, परंपरेने आलेले वाक्य वर्तमानकाळातच राहू शकते की नाही, हे प्रश्न रास्त आहेत. आपण नुकतेच पाहिलेले संक्रांतीचे विधान आठवा. तेही वर्तमानकाळीच आहे आणि सतरा शतके जुने आहे! दीक्षितांचे अनुमान स्वीकारावे की नाही, हा मुद्दा येथे दुय्यम आहे. त्यांनी आधार, गणित आणि निष्कर्ष तिन्ही वाचकासमोर ठेवले, म्हणूनच आपल्याला आक्षेप घेता येतो. शास्त्रीय गद्याची हीच कसोटी आहे.

दीक्षितांचे गणित इतरांनाही उपयोगी पडले. गुप्तकाळातील कोरीव लेखांचा अभ्यास करणारे फ्लीट यांना गुप्त संवताचा आरंभ निश्चित करताना दीक्षितांच्या गणनेचे साहाय्य झाले. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीतही ग्रंथ लिहिला. तोही १८९६ चाच. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' हे आकाशदर्शनाचे पुस्तक लिहिले. त्याचे पर्यायी नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असे आहे. विद्वानांसाठी इतिहास लिहिणारा लेखक आकाश पाहण्याला 'मौज' म्हणतो, यावरून वाचकानुसार भाषा बदलण्याची त्याची जाण दिसते.

मुख्य ग्रंथ मराठीत लिहिण्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. स्यूएल यांच्यासह लिहिलेला ग्रंथ जगभरच्या अभ्यासकांना लगेच वाचता आला. मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, भारतीय हवामान खात्याकडून, प्रसिद्ध झाले. मधल्या काळात मराठी न जाणणाऱ्या अनेक अभ्यासकांना तो दुर्लभ राहिला. दुसरीकडे, प्रमाणांची छाननी करणारे, प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून उत्तर देणारे, आकडे आणि वाक्ये यांची सांगड घालणारे गद्य मराठीला या ग्रंथामुळे मिळाले. लाभ आणि तोटा दोन्ही खरे आहेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

१. सायन आणि निरयन गणनेतील फरक दोन वाक्यांत सांगा.
२. कृत्तिकांविषयीच्या अनुमानात क्रियापदाच्या काळाला महत्त्व का आहे?
३. पटवर्धनी पंचांग समाजात फारसे का रुजले नाही?

४.५ व्यंकटेश बापूजी केतकर : भाकीत आणि योगायोग

नरगुंद येथे जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हेही शिक्षण खात्यात शिक्षक होते. त्यांनी 'ज्योतिर्गणितम्' हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, कारण तो भारतभरच्या पंचांगकर्त्यांपर्यंत पोचवायचा होता. 'नक्षत्रविज्ञान' मात्र त्यांनी मराठीत लिहिले. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. तीन वाचकवर्ग, तीन भाषा.

त्या लेखात त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे सांगून त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे सुचवली. गुरूच्या उपग्रहांच्या प्रदक्षिणाकाळांत जसे ठरावीक प्रमाण आढळते, तसे प्रमाण दूरच्या ग्रहांतही असावे, हा त्यांचा आधार होता. ब्रह्मा या ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे असे त्यांनी काढले. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे आहे.

हे साम्य पाहून 'प्लूटोचा शोध आधी मराठी माणसाने लावला' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आपण आवरला पाहिजे. केतकरांनी काढलेले अंतर व प्रदक्षिणाकाळ प्लूटोशी नेमके जुळत नाहीत. नेपच्यून व प्लूटो यांच्यातील प्रमाण २:३ आहे. त्यांचा दुसरा ग्रह सापडला नाही. प्लूटो आकाराने इतका लहान आहे की आज तो बटुग्रह गणला जातो. तेव्हा हे साम्य बव्हंशी योगायोगाचे मानावे लागते. तरीही नोकरी सांभाळून एकट्याने गणित करणारा शिक्षक ग्रहांच्या कक्षांमधील प्रमाणबद्धतेचा विचार करीत होता आणि नेपच्यून-प्लूटो यांच्यात तसे एक प्रमाण खरोखर आहे, ही गोष्ट लहान नाही. केतकरांचा खरा गौरव करायचा तर त्यांचे गणित वाचावे लागेल. घोषणा करून तो होणार नाही.

४.६ पंचांगापासून राष्ट्रीय दिनदर्शिकेपर्यंत

एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला हा वाद स्वतंत्र भारतात शासनापुढे आला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे सदस्य होते. समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. सण मात्र आजही बहुतांशी जुन्या निरयन पद्धतीने साजरे होतात. शासकीय पत्रावर छापलेली 'सौर' मिती आपण पाहिली असेल. तिच्यामागे ही सारी चर्चा आहे.

४.७ वेधशाळा, अग्निबाण आणि उपग्रह

व्यक्तींच्या बरोबरीने संस्थांचा विचार करणे आवश्यक आहे. कावसजी दादाभाई नाईगमवाला यांच्या प्रयत्नाने १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली. तेथे २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नाईगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची साधने कोडाईकनालला गेली. एका व्यक्तीवर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीबरोबरच संपली.

अवकाशसंशोधनात चित्र पालटले. तेथे काम मुळातच संघाचे असते. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे विक्रम साराभाईंच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी एक. केरळातील थुंबा येथील अग्निबाण-प्रक्षेपणकेंद्राच्या जागेच्या निवडीत त्यांचा वाटा होता. हे स्थळ चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासाला सोयीचे होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण सुटला. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्यातही चिटणीसांची भूमिका महत्त्वाची होती. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचले आणि ते हिंदी, उडिया, तेलुगू व कन्नड या भाषांत होते. उपग्रह कितीही उंचीवर असला तरी शेवटी त्याला गावाच्याच भाषेत बोलावे लागते, हे या प्रयोगाने दाखवले. दूरशिक्षणाचे विद्यार्थी म्हणून आपण त्याच विचाराचे वारसदार आहोत.

पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) यांनी घन प्रणोदकांच्या क्षेत्रात काम केले. घन प्रणोदकात इंधन आणि त्याला जाळणारा ऑक्सिजनयुक्त पदार्थ रबरासारख्या बंधकात एकत्र बसवलेले असतात. एकदा पेटले की ते इच्छेनुसार विझवता येत नाही. म्हणून मिश्रण, आकार आणि ज्वलनाचा वेग आधीच अचूक ठरवावा लागतो. १८ जुलै १९८० रोजी ज्या एसएलव्ही-३ वाहनाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. त्या वेळी गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. नंतर केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

४.८ जयंत विष्णू नारळीकर : सिद्धांत आणि कथा

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचा जन्म कोल्हापूरचा, बालपण वाराणसीचे आणि उच्च शिक्षण केंब्रिजचे. फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व हे विश्वातील इतर सर्व वस्तूंच्या अस्तित्वाशी निगडित असते, हा विचार त्याच्या मुळाशी आहे. विश्वाची उत्पत्ती एका महास्फोटातून झाली, हे मत त्यांना मान्य नव्हते. १९६५ मध्ये विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध लागल्यानंतर बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने झुकले. नारळीकरांनी हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये सुधारित पर्याय मांडला, परंतु ते अल्पमतातच राहिले. बहुमताविरुद्ध उभे राहताना प्रमाणांच्या आधारेच बोलायचे, ही त्यांची भूमिका अभ्यासकाने शिकण्यासारखी आहे.

१९८८ मध्ये पुण्यात आयुका या संस्थेची स्थापना झाली. तिचे ते संस्थापक-संचालक. नाईगमवालांच्या वेधशाळेच्या स्थापनेला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. या वेळी मात्र संस्था अशी घडवली गेली की संचालक बदलले तरी काम चालू राहावे.

मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही पहिली कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागचा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह, 'वामन परत न आला' व 'प्रेषित' या कादंबऱ्या आणि 'आकाशाशी जडले नाते' हे खगोलशास्त्राचा परिचय करून देणारे पुस्तक ही त्यांची महत्त्वाची मराठी पुस्तके. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

४.९ परिभाषेचा विचार

आतापर्यंत आलेल्या संज्ञांकडे पाहिले तर तीन प्रकार दिसतात.

(अ) परंपरागत संज्ञा : क्रांतिवृत्त, संपात, अयनांश, वेध. या संस्कृत ज्योतिषातून जशाच्या तशा आल्या.

(आ) नवघटित संज्ञा : कृष्णविवर, प्रकाशवर्ष, दीर्घिका. यांत जुन्या शब्दांना नवा अर्थ दिला आहे. 'दीर्घिका' म्हणजे मूळ संस्कृतात लांबट तळे. मराठी खगोलशास्त्रात तो अब्जावधी ताऱ्यांचा समूह झाला.

(इ) स्वीकृत संज्ञा : क्वेसार, प्लूटो, नेपच्यून. यांत परभाषेतील शब्द मराठी उच्चाराला जुळवून घेतला आहे.

नवघटित संज्ञा पारदर्शक वाटतात आणि म्हणूनच कधी कधी फसवतात. 'प्रकाशवर्ष' या शब्दात 'वर्ष' असले तरी ते कालाचे माप नाही; प्रकाशाने एका वर्षात तोडलेले ते अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. 'कृष्णविवर' हे विवर, म्हणजे पोकळी, नाही. तेथे प्रचंड वस्तुमान एकवटलेले असते. तेव्हा शब्दाची फोड म्हणजे संकल्पनेचे स्पष्टीकरण नव्हे. संज्ञा ही वापराने अर्थपूर्ण होते. 'कृष्णविवर' हा शब्द आज मराठी वाचकाला परका वाटत नाही, कारण कोशाबाहेर पडून तो कथेत, व्याख्यानात आणि वर्तमानपत्रात वावरला.

४.१० सारांश

केरूनानांनी कोष्टक, दीक्षितांनी इतिहास आणि नारळीकरांनी कथा या रूपांत आकाशाचे ज्ञान मराठीत आणले. केतकरांनी वाचकानुसार संस्कृत, मराठी व परदेशी नियतकालिक असे मार्ग निवडले. नाईगमवाला, चिटणीस व गोवारीकर यांच्या कार्यातून संस्था आणि संघकार्य यांचे महत्त्व कळते. 'मराठी ज्ञानभाषा आहे का?' या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने किंवा खंत व्यक्त करून देता येत नाही. वाचकाला तपासता येईल असे लेखन त्या भाषेत होते की नाही, यावर ते अवलंबून असते. दीक्षितांनी असे लेखन शाळेची नोकरी करून, उरलेल्या वेळात केले. आपल्यापैकी अनेक जण दिवसभराचे काम आटोपून ही पुस्तिका उघडत असतील. त्या अर्थाने दीक्षित आपल्या फार जवळचे आहेत.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. 'शास्त्रीय गद्याची कसोटी पडताळणीक्षमता ही आहे.' दीक्षितांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. केतकरांच्या भाकिताचे मूल्यमापन करताना कोणती दक्षता घ्यावी लागते?
३. एखाद्या वर्तमानपत्रातील अवकाशविषयक बातमी घेऊन तिच्यातील संज्ञांचे ४.९ मधील तीन प्रकारांत वर्गीकरण करा.
४. क्षेत्रीय कार्य : हिवाळ्याच्या आरंभी, सूर्यास्तानंतर कृत्तिकांचा पुंजका कोठे उगवतो ते पाहा. पूर्वबिंदूपासूनचे त्याचे अंतर अंदाजे नोंदवा आणि निरीक्षणाचे टिपण दहा ओळींत, अकरावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा मराठीत लिहा.